आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक प्रदर्शने आणि भारतीय रचनाकारांची कारकीर्द (१९५५ ते १९८९) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

स्वातंत्र्योत्तर भारताच्या सांस्कृतिक धोरणाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने अकादम्या, संग्रहालये आणि पुरस्कार यांच्याकडे जाते. परदेशात भरविल्या गेलेल्या प्रदर्शनांची व महोत्सवांची नोंद बहुधा परराष्ट्रसंबंधांच्या इतिहासात एखाद्या तळटीपेपुरती होते. वस्तुतः १९५५ ते १९८९ या साडेतीन दशकांत वास्तुकला, डिझाइन आणि वस्त्रप्रावरण या तीन क्षेत्रांत जे नवे व्यवसाय भारतात निर्माण झाले, त्यांची जडणघडण मोठ्या प्रमाणात या प्रदर्शनांतूनच झालेली आहे. प्रदर्शन-संयोजक, मांडणीकार, वस्त्रपरंपरेचा पुनरुज्जीवक, महोत्सवाचा सल्लागार ही आज परिचित झालेली कामे १९५० च्या सुमारास आपल्याकडे नाव नसलेली होती. ती कोणी केली, त्यांना ती कशी मिळाली आणि त्यातून कोणाला कारकीर्द लाभली व कोणाला केवळ प्रवास घडला, या प्रश्नांचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या महोत्सवांवर आजवर झालेली टीका बहुतांशी एकाच दिशेची आहे. भारताचे परकीयांना रुचेल असे रंगीत चित्र उभे केले गेले, असा तिचा आशय असतो. ही टीका निराधार नाही. मात्र तिच्यात एक उणीव राहून जाते. ती प्रदर्शनातील प्रतिमेविषयी बोलते, प्रदर्शनातील श्रमाविषयी बोलत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटला पाहिजे.

वसाहतकालीन पूर्वपीठिका :

भारतीय वस्तूंचे परदेशातील प्रदर्शन ही स्वातंत्र्यानंतरची कल्पना नव्हे. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात ईस्ट इंडिया कंपनीने भारतीय विभाग मांडला होता. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या स्थापनेमागेही हस्तकौशल्याविषयीचे तत्कालीन कुतूहल होतेच. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने १८८६ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात भरलेले ‘कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन’ विशेष महत्त्वाचे ठरते. तेथे वस्तूंबरोबर माणसेही मांडली गेली. आग्र्याहून नेलेले कारागीर प्रेक्षकांसमोर बसून विणकाम, मातकाम करीत होते आणि त्यांपैकी बहुतेकांनी आपली कला आग्र्याच्या तुरुंगात आत्मसात केलेली होती. राणी व्हिक्टोरियाच्या इच्छेवरून रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराने त्यांच्यापैकी काहींची व्यक्तिचित्रे रंगविली.

त्याच प्रदर्शनात त्रैलोक्यनाथ मुखर्जी हे बंगाली गृहस्थ सरकारी अधिकारी म्हणून उपस्थित होते. त्यांनी पुढे भारतीय कलावस्तूंवर आणि आपल्या युरोपप्रवासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिले. आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक कार्यक्रमातून कारकीर्द घडलेला हा बहुधा पहिला भारतीय व्यावसायिक म्हणता येईल. मुखर्जी आणि आग्र्याचा विणकर हे दोघे एकाच मांडवाखाली होते. एकाने त्या मांडवाचे वर्णन लिहिले, दुसरा त्या वर्णनाचा विषय झाला. पुढील शतकात परिस्थिती पुष्कळ बदलली. हे अंतर मात्र किती बदलले, हे तपासून पाहावे लागेल.

१९५५ चे प्रदर्शन आणि नव्या व्यवसायाचा आरंभ :

१९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ आणि अखिल भारतीय हातमाग मंडळ अस्तित्वात आले. हस्तकला मंडळाचे नेतृत्व कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्याकडे होते. मुंबईत स्थायिक झालेल्या व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेल्या पुपुल जयकर (१९१५–१९९७) यांनी हातमागाच्या क्षेत्रात कामास सुरुवात केली. या दोन स्त्रियांच्या कार्यपद्धती भिन्न होत्या आणि त्यांच्यातील मतभेदांची चर्चाही पुष्कळ झाली आहे. येथे नोंदवायची बाब एवढीच की, ज्या काळात शासनयंत्रणेतील निर्णयपदांवर स्त्रिया अभावानेच दिसत, त्या काळात या क्षेत्राची सूत्रे स्त्रियांच्या हाती होती. हस्तकला हा विषय ‘दुय्यम’ मानला गेल्यामुळेच हे घडू शकले काय, असाही एक प्रश्न उपस्थित होतो.

१९५५ च्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये भारतीय वस्त्रे व अलंकरणकला यांचे प्रदर्शन उघडले. त्याचे संयोजन मन्रो व्हीलर यांचे, तर मांडणी अलेक्झांडर जिरार्ड या वास्तुकार-डिझायनरची होती. या निमित्ताने अली अकबर खाँ यांचे सरोदवादन झाले, शांता राव यांचे नृत्य झाले आणि मे महिन्यात सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चा पहिला जाहीर खेळही याच संग्रहालयात झाला. एखाद्या प्रदर्शनाच्या निमित्ताने एका देशाच्या कलाविश्वाचे इतके दरवाजे एकदम उघडल्याची उदाहरणे विरळा आहेत.

या घटनेतून पुपुल जयकर यांचा चार्ल्स व रे इम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याशी परिचय झाला. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने हे दांपत्य भारतात आले आणि १९५८ मध्ये त्यांनी शासनाला आपला अहवाल सादर केला. साध्या पितळी लोट्याचे त्यांनी केलेले विवेचन डिझाइनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज ठाऊक असते. त्या अहवालाच्या पार्श्वभूमीवर १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. गौतम आणि गीरा साराभाई या भावंडांनी तिची उभारणी केली. म्हणजे कालक्रम असा दिसतो की प्रदर्शन आधी आले, शिक्षणसंस्था नंतर. व्यवसायासाठी माणसे घडविणारी संस्था व्यवसायाच्या अगोदर असते, ही आपली नेहमीची समजूत येथे लागू पडत नाही.

संस्थेच्या प्रारंभीच्या मोठ्या कामांपैकी एक पुन्हा आंतरराष्ट्रीय प्रदर्शनच होते. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या जीवनावरील प्रदर्शन इम्स दांपत्य आणि अहमदाबादची संस्था यांनी मिळून तयार केले व ते १९६५ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथम मांडले गेले. दशरथ पटेल (१९२७–२०१०) हे त्या घडामोडीत तयार झालेले नाव होय. चित्रकार, कुंभार, छायाचित्रकार आणि मांडणीकार अशा अनेक भूमिका त्यांनी सुमारे दोन दशके त्या संस्थेत बजावल्या. मॉन्ट्रियल येथील १९६७ च्या जागतिक प्रदर्शनातील भारताच्या दालनाशीही त्यांचे नाव निगडित आहे. त्यांच्या उत्तरायुष्याचा संबंध अलिबागशी आहे. तेथे त्यांच्या कामाचे संग्रहालय उभे राहिले.

विणकर सेवा केंद्रे : पगारी चित्रकारांचा मार्ग :

वर उल्लेखिलेल्या व्यक्तींपैकी अनेकांच्या पाठीशी घराण्याचे, संपत्तीचे किंवा परदेशी शिक्षणाचे बळ होते. हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या क्षेत्रात शिरण्याचा आणखी एक, तुलनेने साधा मार्ग १९५० च्या दशकाच्या मध्यास उघडला आणि त्याचा आरंभ मुंबईत झाला. हातमाग मंडळाच्या विणकर सेवा केंद्रांत चित्रकला शिकलेल्या तरुणांची डिझाइनच्या कामासाठी नेमणूक होऊ लागली. के. जी. सुब्रमण्यन यांनी १९५९ ते १९६१ या काळात मुंबई केंद्रात जबाबदारीचे पद सांभाळले. प्रभाकर बरवे, अंबादास, गौतम वाघेला यांसारख्या चित्रकारांचीही या केंद्रांशी नोकरीच्या निमित्ताने गाठ पडली. दिल्लीच्या केंद्रात अर्पिता सिंग यांनी काम केले.

मराठी वाचकाला बरवे (१९३६–१९९५) परिचित आहेत ते त्यांच्या चित्रांमुळे आणि ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकामुळे. रायगड जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेल्या या चित्रकाराने सुमारे दोन दशके विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, त्यातील पहिली काही वर्षे वाराणसीत गेली. तेथे त्यांचा तांत्रिक प्रतीकांशी जो संबंध आला, तो त्यांच्या १९६० च्या दशकातील चित्रांत उमटला. सरकारी हातमाग खात्यातील बदली ही आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासातील एक कारणीभूत घटना ठरावी, हे वरकरणी विचित्र वाटते. पण महिन्याचा निश्चित पगार, फिरतीची नोकरी आणि विणकरांच्या मागाशेजारी बसून करावयाचे काम या तीन गोष्टींनी जे. जे. मधून बाहेर पडलेल्या मध्यमवर्गीय तरुणाला जे दिले, ते त्या काळच्या कलादालनांना देता आले नसते. मुंबईच्या कलाबाजाराची तेव्हाची स्थिती पाहता ही नोकरी म्हणजे एक प्रकारची अघोषित शिष्यवृत्तीच होती.

याच वर्तुळातील भास्कर कुलकर्णी यांचे कार्य स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठविले. तेथील स्त्रिया घराच्या भिंतींवर जी चित्रे रेखाटीत, ती कागदावर उतरविल्यास त्यांना उत्पन्नाचे साधन मिळेल, अशी ही योजना होती. कुलकर्णी गावोगाव कागद घेऊन हिंडले. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आजच्या पालघर जिल्ह्यातील) वारली वस्त्यांत हेच केले आणि तेथे त्यांची गाठ जिव्या सोमा म्हसे यांच्याशी पडली. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचे काम स्त्रियांचे. जिव्या म्हसे हे पुरुष असून चित्रे काढीत आणि विधीच्या निमित्ताशिवाय काढीत. म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मिथिला आणि डहाणू यांना जगाच्या नकाशावर आणणाऱ्या या घटनांमागे कोणताही आंतरराष्ट्रीय करार नव्हता. एका खात्यातील एका मराठी चित्रकाराची पायपीट होती. कुलकर्णी यांचे नाव मात्र पुढील काळातील महोत्सवांच्या झगमगाटात फारसे घेतले गेले नाही.

भारत महोत्सव : १९८२ ते १९८६ :

१९८२ च्या मार्चमध्ये लंडन येथे इंदिरा गांधी व मार्गारेट थॅचर यांच्या उपस्थितीत भारत महोत्सवाचा प्रारंभ झाला. हेवर्ड गॅलरीत भारतीय शिल्पचित्रांचे, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मुघलकालीन दरबारी कलांचे, बार्बिकनमध्ये ‘अदिती’ हे बालपण व लोकजीवनविषयक प्रदर्शन, तर रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये हातमागावरील वस्त्रांचे प्रदर्शन मांडले गेले. १९८५ च्या जून महिन्यात, एका आठवड्याच्या अंतराने, पॅरिस आणि वॉशिंग्टन येथे राजीव गांधी यांच्या हस्ते महोत्सव सुरू झाले. पुढे १९८७-८८ मध्ये सोव्हिएत संघातही असा महोत्सव झाला. या साऱ्या आखणीत पुपुल जयकर यांचा शब्द निर्णायक होता.

या महोत्सवांनी पहिल्यांदाच भारतीय रचनाकारांना मोठ्या प्रमाणावर, सलग काही वर्षे पुरेल असे काम दिले. वस्त्रांच्या क्षेत्रात मार्तंड सिंग (१९४७–२०१७) यांचे कार्य या दृष्टीने लक्षणीय आहे. कपूरथळ्याच्या राजघराण्यात जन्मलेले आणि अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयाचे संचालक राहिलेले सिंग यांनी लंडनच्या प्रदर्शनापासून आरंभ करून ‘विश्वकर्मा’ या नावाने ओळखली जाणारी वस्त्रप्रदर्शनांची मालिका उभारली. जुने नमुने संग्रहालयातून आणून भिंतीवर टांगण्यावर ती थांबली नाही. विणकर, छापणी करणारे व रंगारी यांच्याकडून नव्याने कापड तयार करवून घेणे हे तिचे वैशिष्ट्य होते. विस्मृतीत चाललेली तंत्रे त्यामुळे पुन्हा हातात आली. ऋता कपूर चिश्ती, राकेश ठाकोर यांसारखे वस्त्रअभ्यासक व डिझायनर या कामात घडले. ठाकोर यांनी पुढे १९९२ मध्ये ‘अब्राहम अँड ठाकोर’ ही वस्त्रनाममुद्रा सुरू करण्यात सहभाग घेतला.

याच्या शेजारी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील ‘कॉस्ट्यूम्स ऑफ रॉयल इंडिया’ हे प्रदर्शन ठेवून पाहावे. डिसेंबर १९८५ मध्ये उघडलेल्या या प्रदर्शनाची सूत्रे ‘व्होग’ नियतकालिकाच्या माजी संपादिका डायना व्हिरीलँड यांच्याकडे होती आणि भारतीय बाजू मार्तंड सिंग यांनी सांभाळली. राजघराण्यांनी उसने दिलेले पोशाख तेथे मांडले गेले. एकाच संयोजकाने दोन्ही कामे केली, परंतु एका प्रदर्शनाच्या केंद्रस्थानी विणणारा होता, दुसऱ्याच्या केंद्रस्थानी नेसणारा. जागतिक फॅशनव्यवहाराला दुसरे अधिक जवळचे वाटले, यात नवल नाही. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था १९८६ साली दिल्लीत सुरू झाली ती न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूटच्या सहकार्याने, आणि १९८७ च्या अखेरीस मुंबईत ‘आन्सांब्ल’ हे अनेक डिझायनरांचे पहिले नामांकित दुकान उघडले. ही सर्व महोत्सवांची थेट फलनिष्पत्ती आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि ‘डिझायनर’ हा शब्द शहरी भारतीय घरांत मुलामुलींच्या करिअरचा पर्याय म्हणून उच्चारला जाऊ लागला, तो याच दोन-तीन वर्षांत, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही.

डिझाइनच्या क्षेत्रात ‘गोल्डन आय’ हे प्रदर्शन उल्लेखनीय ठरले. न्यूयॉर्कच्या कूपर-ह्यूइट संग्रहालयात १९८५ च्या अखेरीस ते उघडले. एत्तोरे सॉटसास, फ्राय ऑटो, हान्स होलाइन, मारिओ बेलिनी, मिल्टन ग्लेझर, जॅक लेनॉर लार्सन, मेरी मॅकफॅडन यांच्यासह अकरा पाश्चात्त्य वास्तुकार-डिझायनरांनी वस्तूंचे आराखडे केले आणि भारतीय कारागिरांनी त्या घडविल्या. प्रदर्शनाच्या उपशीर्षकात ते भारतीय कारागिरांना वाहिलेली आंतरराष्ट्रीय आदरांजली असल्याचे म्हटले होते. आदरांजलीचा हेतू प्रामाणिक असेल. परंतु आज त्या प्रदर्शनाची आठवण निघते ती अकरा नावांसह, आणि ती अकराही नावे आराखडे करणाऱ्यांची आहेत.

वास्तुकला : कोरिया यांचे उदाहरण :

वास्तुकलेचे प्रदर्शन ही मुळातच अवघड गोष्ट आहे, कारण इमारत उचलून नेता येत नाही. पॅरिसच्या महोत्सवात राज रेवाल यांनी भारतीय वास्तुकलेचे प्रदर्शन आकारास आणले. चार्ल्स कोरिया यांनी १९८६ साली भारत महोत्सवासाठी ‘विस्तार’ हे प्रदर्शन सिद्ध केले. मूळचे गोमंतकीय कुटुंबातील, सिकंदराबादेत जन्मलेले आणि मुंबईला कर्मभूमी मानणारे कोरिया (१९३०–२०१५) यांचा प्रदर्शनांशी संबंध मात्र फार जुना होता. १९५८ साली दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी हातमागाचे दालन उभारले, तेव्हा ते तिशीतही नव्हते. मातीच्या विटा, वरून ताणलेले हातमागाचे कापड आणि माणसाला आपोआप पुढे नेणारी वाट एवढ्या सामग्रीवर उभे राहिलेले ते दालन अल्पजीवी होते. परंतु उघड्या आकाशाखालून चालत जाण्याचा जो अनुभव कोरिया यांनी पुढे अहमदाबादच्या गांधी स्मारक संग्रहालयात, भोपाळच्या भारत भवनात, पणजीच्या कला अकादमीत आणि दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात दिला, त्याचे बीज तेथे दिसते.

‘विस्तार’मध्ये त्यांनी भारतीय वास्तुरचनेची मांडणी शैलींच्या क्रमाने न करता, समाजमनातील विश्वकल्पनांच्या आधारे केली. मंडल ही त्यातील मध्यवर्ती कल्पना होती. जयपूरच्या जवाहर कला केंद्राचा आराखडा नवग्रहांच्या नऊ चौकोनांवर उभा आहे, आणि त्याचा काळही हाच आहे. प्रदर्शनासाठी केलेल्या अभ्यासातून इमारत निघाली, की मनात असलेल्या इमारतीने प्रदर्शनाला आकार दिला, याचा निवाडा करण्याची आवश्यकता नाही. कोरिया यांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक कार्यक्रम आणि नित्याचा व्यवसाय यांत सीमारेषाच नव्हती. कारकीर्द या शब्दाचा पूर्ण अर्थ ज्याला लाभला, असे हे उदाहरण होय.

‘अदिती’ आणि भीक मागण्याचा कायदा :

राजीव सेठी यांचा मार्ग याहून निराळा आहे. १९४९ साली जन्मलेल्या सेठी यांनी पॅरिसमध्ये मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले, पिएर कार्डां यांच्याकडे काम केले आणि भारतात परतल्यावर दिल्लीच्या शादीपूर भागातील कठपुतळी कॉलनीतील बाहुलीवाले, जादूगार, डोंबारी यांच्याबरोबर कामास प्रारंभ केला. ‘भूले बिसरे कलाकार’ ही त्या कलावंतांची सहकारी संस्था त्यातूनच उभी राहिली. ‘अदिती’ प्रथम दिल्लीत, नंतर १९८२ मध्ये लंडनला आणि १९८५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गेतिहास संग्रहालयात मांडले गेले. मूल जन्मास येण्यापासून त्याचे लग्न होईपर्यंतच्या जीवनक्रमाभोवती वस्तू, गाणी आणि खेळ गुंफलेले होते, आणि सुमारे चाळीस कलावंत प्रत्यक्ष उपस्थित होते. त्याच सुमारास संग्रहालयाबाहेरच्या विस्तीर्ण हिरवळीवर ‘मेला’ या नावाने भारतीय जत्राही भरली होती.

या ठिकाणी एका कायद्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मुंबई राज्याने १९५९ साली भीक मागण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम संमत केला. त्यातील व्याख्येनुसार सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे अशा कोणत्याही निमित्ताने दान मागणे वा स्वीकारणे म्हणजे भीक मागणे होय. हा मुंबईचा कायदा पुढे दिल्लीसही लागू करण्यात आला. म्हणजे ज्या डोंबाऱ्याचा खेळ वॉशिंग्टनमध्ये भारताच्या सांस्कृतिक वारशाचा भाग म्हणून पाहिला जात होता, त्याच डोंबाऱ्याला दिल्लीच्या चौकात तोच खेळ केल्याबद्दल पोलीस पकडून नेऊ शकत होते. ही विसंगती सेठी आणि स्मिथसोनियनमधील त्यांचे सहकारी यांच्या ध्यानात आलेली होती व तिची जाहीर चर्चाही तेव्हा झाली. दिल्लीपुरत्या त्या अधिनियमातील शिक्षेच्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. तोपर्यंत कठपुतळी कॉलनी पुनर्विकासासाठी पाडली जाऊन (२०१७) वर्ष होत आले होते.

सेठी यांना १९८६ साली पद्मभूषण मिळाले. २००२ मध्ये स्मिथसोनियनच्या रेशीममार्गावरील महोत्सवाची मांडणी त्यांनी केली, आणि मुंबईच्या विमानतळाच्या २०१४ साली खुल्या झालेल्या टर्मिनलमधील भव्य कलासंग्रहही त्यांच्याच कल्पनेतून आकारास आला. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आयुष्यभर त्यांनी कारागिरांची बाजू मांडली. प्रश्न व्यक्तीचा नसून रचनेचा आहे. महोत्सव संपल्यानंतर संयोजकाकडे अनुभव राहतो, ओळखी राहतात, पुढील निमंत्रण येते. कलावंताकडे परतीच्या तिकिटाचा तुकडा आणि छायाचित्रे राहतात. त्याच्या गावच्या बाजारात या अनुभवाला किंमत नसते, आणि त्याच्या नावे कोणत्याही कार्यालयात सेवापुस्तक उघडलेले नसते.

ब्रिटनशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९३४ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश कौन्सिलने वास्तुकला, डिझाइन व फॅशन यांसाठी पुढे स्वतंत्र विभाग ठेवला. व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनातील ब्रिटिश दालनाची जबाबदारीही दीर्घकाळ कौन्सिलकडेच राहिली आहे. तेथे सांस्कृतिक कार्यक्रम हे नोकरीचे, बढतीचे, जाहिरात देऊन भरावयाच्या पदांचे क्षेत्र झाले. भारतात १९५० पासून भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद कार्यरत असूनही महोत्सवांचा भार मुख्यतः त्या त्या वेळी जमविलेल्या समित्यांनी व आमंत्रित तज्ज्ञांनी वाहिला. त्यामुळे प्रतिभावंतांना मोकळीक मिळाली, हे खरेच. परंतु निवडीचे निकष कागदावर आले नाहीत आणि ज्याची ओळख नाही त्याला दार सापडले नाही. विणकर सेवा केंद्रांनी उघडलेला पगारी मार्गही १९८० नंतर अरुंद होत गेला. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये हातमाग मंडळ व हस्तकला मंडळ ही दोन्ही मंडळे शासनाने बरखास्त केली.

गंगादेवी, जनगढ आणि जिव्या म्हसे :

कारागिराला कारकीर्द लाभली, अशी उदाहरणे नाहीतच काय? आहेत, आणि त्यांतील तीन विशेष बोलकी आहेत. मिथिलेच्या गंगादेवी (१९२८–१९९१) यांना १९८४ साली पद्मश्री मिळाली. वॉशिंग्टनच्या १९८५ च्या जत्रेत त्या सहभागी झाल्या आणि परतल्यावर त्यांनी अमेरिका चितारली. वॉशिंग्टन स्मारकाचा उंच स्तंभ, गरगरणारा रोलर कोस्टर, अमेरिकन बायकामाणसे हे सारे मिथिलेच्या बारीक रेघेत उतरले. १८८६ च्या आग्र्याच्या कारागिरांचे चित्र स्वोबोडाने काढले होते. शंभर वर्षांनी प्रदर्शनात बसविलेल्या स्त्रीने प्रदर्शन पाहायला आलेल्यांचे चित्र काढले. या कालखंडातील सर्व दस्तऐवजांत हा एक दस्तऐवज इतरांहून वेगळा आहे, कारण तो मांडवाच्या आतल्या बाजूने लिहिलेला आहे.

जनगढसिंह श्याम हे मध्य प्रदेशातील पाटनगढचे परधान गोंड तरुण. १९८१ च्या सुमारास जगदीश स्वामीनाथन यांच्या पथकाला त्यांची चित्रे दिसली आणि ते भोपाळच्या भारत भवनात आले. तेथे त्यांना नोकरी मिळाली, ही बाब त्यांच्या प्रसिद्धीइतकीच महत्त्वाची आहे. कोरिया यांनी रचलेल्या भोपाळच्या विधानभवनावर जनगढ यांनी भित्तिचित्रे रंगविली. १९८९ साली पॅरिसमध्ये ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या बहुचर्चित प्रदर्शनात जगभरातील समकालीन कलावंतांच्या बरोबरीने त्यांची चित्रे लागली. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयासाठी मुक्कामी काम करीत असताना त्यांचा मृत्यू झाला. ती आत्महत्या असल्याचे सांगण्यात आले. ते चाळिशीलाही पोहोचलेले नव्हते. परदेशी पाठविल्या जाणाऱ्या लोककलावंताचा करार कोण वाचतो, त्याची भाषा जाणणारे तेथे कोण असते, परतण्याची इच्छा झाल्यास त्याने कोणाला सांगावे, हे प्रश्न भारतीय कलावर्तुळात त्यानंतर जाहीरपणे विचारले गेले. १९८२ पासून ते विचारता आले असते.

जिव्या सोमा म्हसे यांनी तुलनेने दीर्घ वाटचाल केली. २००३ मध्ये जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर त्यांचे संयुक्त प्रदर्शन झाले, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. ज्योतींद्र जैन यांनी हस्तकला संग्रहालयात १९९८ मध्ये मांडलेल्या ‘अदर मास्टर्स’ या प्रदर्शनात गंगादेवी, जनगढ, सोनाबाई, नीलमणीदेवी आणि म्हसे या पाच जणांना प्रत्येकी स्वतंत्र कलावंत म्हणून स्थान देण्यात आले. जमातीचा वा प्रदेशाचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या विकासक्रमासह कलावंत मांडण्याची ही पद्धत शासकीय संग्रहालयात तेव्हा नवी होती. जैन यांनी गंगादेवींवर लिहिलेला १९९७ चा ग्रंथही याच भूमिकेचा भाग आहे.

त्या हस्तकला संग्रहालयात, म्हणजे कोरिया यांच्या वास्तूत, गंगादेवींनी आयुष्याच्या अखेरच्या काळात कोहबर घर रंगविले होते. कर्करोगावरील उपचार चालू असताना, दिल्लीत राहून, त्यांनी त्या खोलीच्या भिंती पूर्ण केल्या. मिथिलेत कोहबराची भिंत लग्नापुरती असते, नंतर ती पुसली जाते, पुन्हा सारवली जाते. संग्रहालयातील भिंत टिकावी म्हणून रंगविलेली होती. २०१५ च्या सुमारास संग्रहालयाच्या नूतनीकरणात ती नाहीशी झाली.